विमान आधी कलतं, मग वळतं

समजा, तुम्ही एका छोट्या विमानात वैमानिकाच्या खुर्चीत बसला आहात. खाली गोदावरीचं वळणदार पात्र आहे, पलीकडे चांभारलेणीचा डोंगर दिसतोय आणि तुम्हाला विमान डावीकडे वळवायचं आहे. काय कराल?

हा प्रश्न वर्गात विचारला की हात भराभर वर होतात. कुणी म्हणतं, गाडीसारखं स्टिअरिंग फिरवायचं. ज्यांनी थोडंफार वाचलेलं असतं ते म्हणतात, विमानाच्या शेपटीवर सुकाणू असतं, ते डावीकडे करायचं. होडी वळते तसं विमान वळतं! उत्तर इतकं पटणारं आहे की मोठी माणसंही तेच देतात. पण ते चुकीचं आहे. शेपटीवर सुकाणू असतं हे खरं, त्याला रडर म्हणतात हेही खरं. पण विमान वळवण्याचं मुख्य काम ते करत नाही. मग कोण करतं? आणि रडर तिथे असतं तरी कशाला? वैमानिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही धड्यांत याच दोन प्रश्नांशी झटापट करावी लागते. आज आपणही करू.

नाशिकच्या मुलांना तर हे कळायलाच हवं. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे आपल्या एचएएलच्या कारखान्यात 1964 पासून लढाऊ विमानांचं काम चालतं. नाशिकरोडकडे जाताना लागणाऱ्या गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. शाळेत गणिताचा तास चालू असताना डोक्यावरून फडफड आवाज जातो आणि सगळा वर्ग खिडकीकडे बघतो, हे उपनगर-गांधीनगर भागातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

तर चला, आधी विमानात बसू. शिकाऊ वैमानिकांसाठी जगभर वापरलं जाणारं एक विमान म्हणजे सेस्ना 172. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पुढे पंखा असलेलं. त्यात पुढे शेजारी शेजारी दोन खुर्च्या असतात, एक विद्यार्थ्याची, एक शिक्षकाची. दोघांसमोर एकेक हँडल आणि दोघांच्या पायांशी दोन-दोन पेडल. हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. शिक्षकांनी हँडल ओढलं की विद्यार्थ्याचंही मागे येतं. त्यामुळे विमान नेमकं कोण चालवतंय याचा घोळ होऊ शकतो, आणि हवेत असा घोळ परवडत नाही. म्हणून ताबा देताना एकजण म्हणतो, 'यू हॅव कंट्रोल'. दुसरा मोठ्याने म्हणतो, 'आय हॅव कंट्रोल'. हे उत्तर कानावर पडल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावतात.

इंजिन सुरू झालं, विमान जमिनीवर हळूहळू पुढे निघालं. समोर वळण आलं. नवा विद्यार्थी हमखास हँडल फिरवतो. विमान सरळच जातं! तो आणखी जोरात फिरवतो. विमान तरीही सरळ. कारण जमिनीवर विमान वळतं पायांनी. डावं पेडल दाबलं की पुढचं चाक डावीकडे होतं, उजवं दाबलं की उजवीकडे. पेडलचा वरचा भाग पायाच्या चवड्याने दाबला की ब्रेक लागतात. हात मोकळे आणि पाय कामात, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

उड्डाणाआधी एक तपासणी असते, आणि ती मला फार आवडते. विमान उभं असताना वाऱ्याने त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून हँडलला एक खीळ घालून ठेवलेली असते, त्यावर लाल पट्टी असते. आधी ती काढायची. मग हँडल धरताना अंगठा सरळ वर ठेवायचा. हँडल डावीकडे फिरवलं की अंगठाही डावीकडे कलतो. आता बाहेर डाव्या पंखाकडे बघा. त्याच्या मागच्या कडेला, टोकाकडे, बिजागरीवर बसवलेली एक लांबट फळी आहे. ती वर उठलेली दिसली पाहिजे. उजव्या पंखावरची तशीच फळी खाली गेलेली दिसली पाहिजे. अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूची फळी वर! उलटं दिसलं तर विमान जागचं हलवायचं नाही. दुरुस्तीनंतर तारा उलट्या जोडल्या गेल्या तर ते इथेच, जमिनीवरच पकडता येतं. या छोट्या विमानात हँडलपासून फळीपर्यंत पोलादी तारा आणि कप्प्याच असतात. म्हणजे तुमच्या मनगटाचा जोर थेट पंखाच्या टोकापर्यंत पोचतो.

या फळ्यांना एलेरॉन म्हणतात. शेपटीच्या आडव्या पंखावर मागे अशीच फळी असते, ती एलिव्हेटर. उभ्या पंखावर असते ती आपलं रडर. अख्ख्या विमानाचं डोलणं, कलणं, वर-खाली होणं या तीन प्रकारच्या फळ्यांवर चालतं. आणि तिन्ही फळ्या काम एकच करतात : जाणाऱ्या हवेला थोडं वाकवतात. फळीने हवा खाली ढकलली की हवा त्या भागाला वर ढकलते. फळीने हवा वर ढकलली की हवा त्या भागाला खाली ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, पाठ्यपुस्तकातला, तोच. पंखसुद्धा मुळात हेच करतो. पुढे जाता जाता तो भरपूर हवा खाली ढकलत राहतो, म्हणून तर वर राहतो.

आता गंमत बघा. विमानाचं नाक वर करायचं आहे. वैमानिक हँडल स्वतःकडे ओढतो. शेपटीवरचा एलिव्हेटर वर उठतो, हवा वर फेकली जाते आणि शेपूट खाली दाबली जाते. शेपूट खाली गेली की नाक वर! म्हणजे नाक उचलायला नाकाला कुणी हातच लावत नाही.

आता वळू या. वैमानिक हँडल डावीकडे फिरवतो. डावीकडची फळी वर, उजवीकडची खाली. डाव्या पंखाचा उचल देणारा जोर कमी होतो, उजव्याचा वाढतो. विमान डावीकडे कलतं. एवढंच, फक्त कलतं. पण कलल्यावर एक मोठी गोष्ट घडते. आतापर्यंत पंखांचा सगळा जोर सरळ वर लागत होता. विमान कललं तसा तो जोरही कलला. त्याचा बराचसा भाग अजून वरच आहे, पण थोडा भाग आता डावीकडे ओढतोय. हाच भाग विमानाला गोलाकार वाटेवर खेचून नेतो. थोडक्यात, विमान वळवणारी शक्ती येते ती पंखांमधून. शेपटीवरच्या एवढ्याशा रडरमध्ये टनभर वजन वळवण्याची ताकद कुठून असणार? सायकल वेगात वळवताना तुम्ही आत झुकता ना? विमानही तसंच झुकून वळतं.

पण सायकलपेक्षा एक गोष्ट अगदी वेगळी आहे. विमान हवं तेवढं कललं की हँडल पुन्हा मधोमध आणायचं. विमान कललेलंच राहतं आणि वळत राहतं. हँडल डावीकडेच धरून ठेवलं तर ते आणखी कलेल, आणखी कलेल, थांबणारच नाही. सरळ व्हायचं असेल तर हँडल उलट फिरवून पंख समपातळीत आणायचे. मोटारीत बसायची सवय असलेल्या विद्यार्थ्याच्या हातांना हे पटायला जड जातं.

शिवाय जोराचा काही भाग बाजूला गेल्यामुळे वर उचलायला तो कमी पडतो. म्हणून वळताना हँडल थोडं मागेही ओढावं लागतं, नाहीतर विमान वळता वळता खाली येतं. जितकं जास्त कलाल तितका पंखांना जास्त जोर लावावा लागतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळलात तर पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलावं लागतं. तुमचं वजन 35 किलो असेल तर खुर्चीला त्या वेळी 70 किलो जाणवेल आणि हात उचलून नाक खाजवणंसुद्धा जड वाटेल.

मग रडर कशाला? त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे, कारण राइट बंधूंनाही ते आधी कळलं नव्हतं.

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी सायकली बनवायचे, विकायचे. त्या काळात उडायची स्वप्नं पाहणारे बरेच जण इंजिनाच्या मागे होते. जास्त ताकदीचं इंजिन मिळालं की उडता येईल, असं त्यांना वाटे. राइट बंधूंचं म्हणणं वेगळं होतं. उडणं एक, आणि उडताना तोल ताब्यात ठेवणं दुसरं. आधी दुसऱ्याचा बंदोबस्त करू. 1899 मध्ये दुकानात एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचा रिकामा लांबट खोका होता. बोटांनी त्याने तो सहज पिळला. एका टोकाची कड वर झाली, दुसऱ्या टोकाची खाली. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : पंखच असे पिळले तर! एका बाजूचा जोर वाढेल, दुसऱ्या बाजूचा कमी होईल आणि यंत्र कलेल. आजच्या एलेरॉनचं काम त्यांच्या यंत्रात पंख पिळून होत असे. वैमानिक पंखावर पालथा झोपायचा आणि कंबर डावी-उजवीकडे सरकवायची, की तारा ओढल्या जाऊन पंख पिळले जायचे.

1902 मध्ये त्यांनी बिनइंजिनाचं ग्लायडर किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून उडवलं. शेपटीला उभे पंख होते, पण घट्ट बसवलेले. आणि घोटाळा झाला. कधी कधी कललेलं ग्लायडर सरळ करायला जावं तर खालचा पंख वर यायच्या ऐवजी मागे पडायचा, ग्लायडर त्याच बाजूला घसरत जायचं आणि पंखाचं टोक वाळूत रुतून गरगरा फिरायचं. हे का व्हावं?

कारण असं. ज्या पंखाचा जोर आपण वाढवतो, त्या पंखाला हवा मागेही जास्त ओढते. उचल वाढली की अडथळाही वाढला. फुकट काहीच मिळत नाही. म्हणजे डावीकडे वळायला म्हणून उजवा पंख उचलला, तर तोच पंख मागे खेचला जातो आणि विमानाचं नाक सुरुवातीला उजवीकडेच वळतं! जायचं एकीकडे, तोंड दुसरीकडे. ऑर्व्हिलने रात्री पडल्या पडल्या विचार केला आणि सकाळी तोडगा सांगितला : शेपटीचा उभा पंख हलता करू या. विल्बरने त्यात भर घातली : तो पंख पिळायच्या तारांनाच जोडू, म्हणजे दोन्ही एकदम हलतील. त्या दिवसापासून रडरला त्याचं खरं काम मिळालं. विमान कलत असताना नाक जिकडे जायला हवं तिकडेच ठेवायचं, भलतीकडे भटकू द्यायचं नाही.

पुढे 17 डिसेंबर 1903 ला त्यांचं इंजिनाचं विमान उडालं. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, त्याच दिवशीचं चौथं 59 सेकंदांचं. हे बहुतेकांना पाठ असतं. पण 1906 मध्ये त्यांना जे पेटंट मिळालं ते इंजिनासाठी नव्हतंच. ते होतं विमान ताब्यात ठेवण्याच्या या युक्तीसाठी. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा शोध हाच.

आज रडर वैमानिकाच्या पायात असतं. डावीकडे कलताना हात डावीकडे आणि त्याच वेळी डावं पेडल हलकेच दाबायचं. किती? ते सांगायला समोरच्या तबकड्यांमध्ये एक अगदी साधं उपकरण असतं. किंचित वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पातळ द्रव आणि एक काळी गोळी. बास! वीज नाही, तार नाही. हात आणि पाय यांचा मेळ बरोबर असेल तर विमान कललेलं असूनही गोळी मधोमध राहते. पाय कमी पडला किंवा जास्त झाला की गोळी घसरते. गोळी ज्या बाजूला घसरली त्या बाजूचं पेडल दाबायचं. शिकाऊ वैमानिकाचे पहिले कित्येक तास या गोळीच्या मागे जातात. पुढे मात्र गोळीकडे बघावं लागत नाही. विमान तिरकं घसरतंय हे खुर्चीत बसल्या बसल्या कळतं, कारण अंग एका बाजूला ढकललं जातं.

आणखी एक युक्ती बघा. विमान चढताना हँडल सतत ओढून धरलं तर हात भरून येतात. तेव्हा शिक्षक एक छोटं चाक दाखवतात, ट्रिमचं. एलिव्हेटरच्या मागच्या कडेला आणखी एक चिमुकली फळी असते. चाक फिरवलं की ती थोडी वाकते आणि मोठ्या फळीला हवं तिथे धरून ठेवते. जोर कुणाचा? हवेचाच. मग शिक्षक म्हणतात, सोड हात! विद्यार्थी घाबरतच हात सोडतो आणि विमान आपलं सरळ जात राहतं. चांगल्या शिकाऊ विमानाची घडणच अशी असते की थोडा धक्का बसला तरी ते आपणहून पूर्वपदावर येऊ बघतं.

अवघड धडा त्यापुढे आहे. हँडल ओढलं की नाक वर होतं, हे शिकलो. मग ओढतच राहिलं तर? नाक वर, आणखी वर, वेग कमी, आणखी कमी. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15 अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरून सुरळीत जाणारी हवा त्याला सोडून विस्कटते. उचल एकदम घटते आणि विमान खाली पडू लागतं. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असलं तरी हे होतं. खाली पडणाऱ्या माणसाचे हात काय करतील? जिवाच्या आकांताने हँडल आणखी ओढतील. आणि नेमकं तेच करायचं नाही! हँडल पुढे करायचं, नाक खाली आणायचं, म्हणजे हवा पुन्हा पंखाला धरते. वर जाण्यासाठी आधी खाली, हे शिक्षकांबरोबर भरपूर उंचीवर पुन्हा पुन्हा करून घेतात, हात भीती विसरेपर्यंत.

स्टॉल होताना विमान सरळ नसेल तर एक पंख दुसऱ्याच्या आधी आणि जास्त गळपटतो. मग विमान गरगर फिरत खाली येतं. त्याला स्पिन म्हणतात. इथे एलेरॉनच्या नादी लागून उपयोग नसतो, उलट त्याने प्रकरण बिघडू शकतं. बहुतेक शिकाऊ विमानांत उपाय असा : इंजिनाचा जोर कमी, एलेरॉन मधोमध, फिरण्याच्या उलट बाजूचं पेडल पूर्ण दाबायचं आणि मग हँडल पुढे. वळण्याच्या कामात दुय्यम ठरलेलं आपलं रडर इथे जीव वाचवतं.

आणि इथेच ओझर पुन्हा आपल्या गोष्टीत येतं. हवाई दलात भरती झालेल्या नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी एचएएलने हिंदुस्तान टर्बो ट्रेनर-40 नावाचं विमान बनवलं आहे. सगळे त्याला एचटीटी-40 म्हणतात. विद्यार्थी आणि शिक्षक यात एकामागे एक बसतात. त्याचं पहिलं उड्डाण 31 मे 2016 ला बंगळुरूला झालं. पण शिकाऊ विमान नुसतं उडून भागत नाही. विद्यार्थी चुकणार, विमान गरगरणार, आणि त्यातून ते हमखास बाहेर आलं पाहिजे. त्यासाठी अभियंत्यांना शेपटीत बदल करावे लागले. मग परीक्षण-वैमानिकांनी ते उंचावर नेऊन मुद्दाम गरगरवलं, डावीकडे सहा फेरे, उजवीकडे सहा फेरे, आणि दर वेळी बाहेर काढलं. हवाई दलाने अशी 70 विमानं मागवली आहेत आणि ती बनवण्याची दुसरी साखळी 17 ऑक्टोबर 2025 ला ओझरच्या कारखान्यात सुरू झाली.

त्याच दिवशी ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस एमके-1ए लढाऊ विमान आकाशात झेपावलं. तेजसचा फोटो नीट बघा. त्याचे पंख त्रिकोणी आहेत आणि शेपटीला आडवा पंखच नाही! मग एलिव्हेटर कुठे? पंखांच्या मागच्या कडेलाच. त्या फळ्या दोन्ही बाजूंना एकदम वर किंवा खाली झाल्या की एलिव्हेटरचं काम करतात, आणि एक वर एक खाली झाली की एलेरॉनचं. दोन्ही कामं करतात म्हणून त्यांना एलेव्हॉन म्हणतात.

हे घरी करून बघता येतं. नेहमीचं टोकदार कागदी विमान करा, जाडसर कागदाचं. त्याच्याही शेपटीला आडवा पंख नसतो. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला बोटभर अंतरावर दोन छोटे काप द्या, म्हणजे मधली पट्टी वाकवता येईल. आधी काहीही न वाकवता हळूच सोडा. मग दोन्ही पट्ट्या किंचित वर वाकवून सोडा, नाक वर होतं का बघा. फार वाकवल्या तर विमान वर जाऊन थबकेल आणि खाली येईल, तो स्टॉल. आता डावी पट्टी वर आणि उजवी खाली करा. विमान डावीकडे कलून तिकडेच जाईल. जोरात फेकू नका, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

खऱ्या तेजसमध्ये मात्र एक चक्रावणारी गोष्ट आहे. सेस्ना हात सोडला तरी स्थिर राहतं, असं आपण म्हटलं. तेजस मुद्दामच अस्थिर बनवलं आहे. लढाऊ विमानाला चटकन, झटक्यात दिशा बदलायची असते, आणि जे विमान सरळ राहायचा हट्ट धरतं ते चटकन वळत नाही. असं अस्थिर विमान एकट्या माणसाच्या हाताला सांभाळणं शक्य नाही. म्हणून वैमानिकाच्या हातातली स्टिक फळ्यांना तारांनी जोडलेलीच नसते. वैमानिक काय मागतोय ते संगणक वाचतो आणि फळ्या किती हलवायच्या ते क्षणोक्षणी ठरवतो. त्याची चार सुटी जाळी असतात, एक बिघडलं तरी बाकीची काम सांभाळतात.

ओझरलाच दोनशेहून जास्त सुखोई-30 एमकेआय विमानं तयार झाली आहेत. त्यांची तऱ्हा आणखी निराळी. मुख्य पंखांच्या पुढे दोन छोटे हलते पंख आणि मागे इंजिनांची तोंडंच वळणारी! वेग फार कमी झाला की फळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही आणि त्या लुळ्या पडतात. तेव्हा इंजिनातून सुटणारा झोतच वळवून विमान फिरवायचं. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक विमान आधी परीक्षण-वैमानिक उडवून बघतात. 1984 मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा 1987 पासून काही वर्षं ओझरलाच मुख्य परीक्षण-वैमानिक होते, हे तुम्हाला ठाऊक होतं?

राहिली गांधीनगरची हेलिकॉप्टरं. लष्कराची वैमानिक शाळा, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, इथे 2003 पासून आहे. कॅप्टन अभिलाषा बराक यांना मे 2022 मध्ये वैमानिकाचे पंख इथेच मिळाले आणि लष्करी विमानदलातल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

हेलिकॉप्टर एका जागी थांबतं. म्हणजे फळ्यांवरून हवा जाणार कशी? म्हणून तिथे पंखच फिरवतात. वरची पाती हेच पंख. डाव्या हाताशी एक दांडा असतो, तो उचलला की सगळी पाती एकदम जास्त तिरकी होतात आणि हेलिकॉप्टर वर जातं. उजव्या हातातली स्टिक पुढे केली की प्रत्येक पातं एका फेरीतच कुठे जास्त, कुठे कमी तिरकं होतं, त्यामुळे फिरणारं चक्र पुढे झुकतं आणि हेलिकॉप्टर पुढे निघतं. दोन्ही पाय शेपटीवरच्या छोट्या पंख्याची पाती तिरकी करतात. एक गोष्ट हलवली की बाकी दोन्ही जराजरा हलवाव्या लागतात. म्हणून एका जागी तरंगत राहणं, जे बघायला सगळ्यात सोपं वाटतं, तेच शिकायला भारी अवघड.

इथे शिकण्यासाठी वापरली गेलेली चीता हेलिकॉप्टरं ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून बनली, त्याची एक करामत ऐका. 21 जून 1972 ला झाँ बुले हा वैमानिक लामा घेऊन 12,442 मीटर उंचीवर गेला. एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर वर! तिथे इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू होईना. बुलेने पाती अगदी कमी तिरकी केली. हेलिकॉप्टर खाली येत होतं, खालून वर जाणारी हवाच पाती फिरवत ठेवत होती. जमिनीजवळ आल्यावर त्याने पाती तिरकी केली, साठवलेल्या फेऱ्यांची उचल घेतली आणि हेलिकॉप्टर सुखरूप उतरवलं. इंजिन नाही, तरी ताबा शाबूत.

तुम्हाला हे शिकायचं असेल तर आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या 16 व्या वर्षी मिळू शकतो, हौशी वैमानिकाचा 17 व्या आणि व्यावसायिक वैमानिकाचा 18 व्या वर्षी, 200 तासांच्या उड्डाणानंतर. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर इथे उड्डाणाचं शिक्षण मिळतं. तोवर भौतिकशास्त्रातलं बलाचं प्रकरण मन लावून वाचा, ते हवेत रोज लागतं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. चीताची मुख्य पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. इंजिन पात्यांना त्या दिशेने ढकलतं, तेव्हा हेलिकॉप्टरचं धड कुठल्या दिशेने फिरायला बघेल? आणि वैमानिकाने डाव्या हातातला दांडा उचलून जोर वाढवला, तर नाक सरळ ठेवायला त्याला कोणता पाय दाबावा लागेल, डावा की उजवा? न्यूटनचा तिसरा नियम हाताशी आहेच. आकृती काढा, बाण दाखवा आणि कारणासकट उत्तर आम्हाला लिहून पाठवा.